जेनेरिक सेट-गेट आणि न चालणारे टाइप: एका अॅपच्या सेटिंग्जचं पूर्ण प्रकरण

प्रकरण आहे पाणी प्यायची आठवण करून देणाऱ्या एका मोबाइल अॅपचं. अॅप तसं छोटंच, डॉटनेट माउईवर (एकाच सी शार्प कोडमधून सगळीकडची अॅप्स बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) केलेलं, अँड्रॉइड, आयओएस आणि विंडोज तिन्हीकडे चालणारं. तक्रार एकच पण सारखी येत होती, की सेटिंग्ज टिकत नाहीत. कोणी म्हणे आठवणीचं अंतर दोन तासांचं केलं तरी दुसऱ्या दिवशी परत अर्ध्या तासावर, कोणी म्हणे डार्क थीम लावली तरी अॅप उजळच उघडतं, एकाने रात्रीच्या आठवणी बंद केल्या तरी त्या वाजतच राहिल्या, आणि एकाचं तर रोजचं दीड लिटरचं लक्ष्य पंधरा लिटर झालं. क्रॅश एकही नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही, युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या.

मी हा कोड रिव्ह्यूसाठी बघितला आणि चारही तक्रारी एकाच जागी येऊन मिळाल्या: सेटिंग्ज सेव्ह करणाऱ्या जेनेरिक मेथडमधल्या (कुठल्याही टाइपची, म्हणजे प्रकारची, व्हॅल्यू घेणाऱ्या फंक्शनमधल्या) स्विचची शेवटची डिफॉल्ट शाखा. म्हणजे ओळखीचा टाइप नसेल तर काय करायचं हे जिथे ठरतं ती ओळ. हे सविस्तर लिहितोय कारण असा रॅपर, म्हणजे तयार लायब्ररीवर चढवलेलं आपलं आवरण, जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतो आणि त्या शेवटच्या शाखेवर बहुतेक वेळा कोणीच नीट विचार केलेला नसतो.

कोड कसा होता

अॅप आधी झामरिनवर, म्हणजे माउईच्या आधीच्या चौकटीवर, होतं. तिथे एसेन्शियल्स लायब्ररीमध्ये प्रेफरन्सेसची (सेटिंग्ज साठवणाऱ्या भागाची) सेट मेथड जेनेरिक नव्हती, प्रत्येक टाइपला वेगळं ओव्हरलोड, म्हणजे त्याच नावाची वेगळी मेथड, होतं, त्यामुळे टाइमस्पॅन (कालावधीचा टाइप) द्यायला गेलं तर कोड कंपाइलच व्हायचा नाही आणि विषय तिथेच संपायचा. झामरिनचा सपोर्ट 1 मे 2024 ला संपला, टीम माउईवर आली, आणि येताना त्यांनी स्वतःची एक सेटिंग्ज सर्व्हिस लिहिली, टेस्ट करायला सोपं जावं म्हणून. त्यात दोनच मेथड, सेट आणि गेट, दोन्ही टाइप पॅरामीटर टी घेणाऱ्या. वापरायला एकदम सुटसुटीत, की (सेटिंगचं नाव) द्या, व्हॅल्यू द्या, झालं.

माउईच्या आतसुद्धा जेनेरिक मेथड आहेच, पण ती आधी टाइप तपासते. डॉटनेट 8 मध्ये तिला सात टाइप चालतात: बूल (हो-नाही), इंट, लाँग (दोन्ही पूर्णांक), फ्लोट, डबल (दोन्ही अपूर्णांक), स्ट्रिंग (मजकूर) आणि डेटटाइम. याबाहेरचं काही दिलं तर ती नॉट सपोर्टेड एक्सेप्शन फेकते, की हा टाइप चालत नाही. म्हणजे राखणदार होता. पण टीमच्या रॅपरने काय केलं, सेटमध्ये व्हॅल्यूवर स्विच लावला, ओळखीचे टाइप जसेच्या तसे पुढे पाठवले आणि डिफॉल्ट शाखेत व्हॅल्यूचं टूस्ट्रिंग करून, म्हणजे तिचा मजकूर बनवून, ती स्ट्रिंग पुढे दिली. आता माउईला दिसतेय फक्त स्ट्रिंग, आणि स्ट्रिंग तर चालतेच, त्यामुळे तो राखणदार टाइमस्पॅनला कधी बघतच नाही.

गेटमध्ये उलटा प्रवास. टाइप ओळखीचा असेल तर सरळ वाचायचं, नसेल तर स्ट्रिंग म्हणून वाचून कन्व्हर्ट क्लासच्या चेंजटाइप मेथडने टीमध्ये बदलायचं, आणि हे सगळं ट्राय-कॅचमध्ये, काही बिनसलं तर कॉलरने दिलेली डिफॉल्ट व्हॅल्यू परत. कॅचमध्ये लॉग नाही. हेतू वाईट नव्हता, सेटिंग वाचताना अॅप पडू नये एवढाच होता. पण त्यामुळे तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसायला लागल्या: की अजून सेव्हच झालेली नाही, सेव्ह झालेला डेटा खराब आहे, आणि हा टाइप आपल्याला वाचताच येत नाही. पहिली गोष्ट रोजची आहे, दुसरी क्वचित होते, तिसरी सरळ प्रोग्रामरची चूक आहे, आणि तिन्हींना उत्तर मात्र एकच, गपचूप डिफॉल्ट.

चार टाइप, चार तऱ्हा

आठवणीचं अंतर टाइमस्पॅन होतं. टूस्ट्रिंग केल्यावर दोन तासांचं "02:00:00" होतं आणि ते व्यवस्थित सेव्हही होतं. वाचताना चेंजटाइप मात्र स्ट्रिंगपासून टाइमस्पॅन बनवू शकत नाही, ती इनव्हॅलिड कास्ट एक्सेप्शन देते, कॅच ते गिळतो, डिफॉल्ट अर्धा तास परत येतो. हे टेस्टिंगमध्ये का सापडलं नाही, तर सेटिंग बदलल्यावर नवीन व्हॅल्यू व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या भागात) मेमरीत असतेच, स्क्रीनवर दोन तास दिसतं, मागे जाऊन परत आलं तरी दोन तासच दिसतं. अॅप पूर्ण बंद करून उघडल्याशिवाय काही कळत नाही. वर डिफॉल्ट अर्धा तास हाच बहुतेकांच्या पसंतीचा, म्हणजे ज्यांनी काही बदललं नाही त्यांना सगळं बरोबरच दिसत होतं.

थीम हे एनम, म्हणजे ठरलेल्या नावांच्या यादीचा टाइप. तिथेही तसंच, सेव्ह होताना नाव लिहिलं जातं, वाचताना चेंजटाइप स्ट्रिंगवरून एनम करत नाही, डिफॉल्ट परत. हे दोन प्रकार त्यातल्या त्यात सरळ, कारण ते नेहमीच चुकतात, आणि नेहमी चुकणारी गोष्ट शोधता येते.

डेसिमल, म्हणजे दशांश आकडे अचूक ठेवणारा टाइप, वेगळा निघाला. रोजचं लक्ष्य लिटरमध्ये डेसिमल ठेवलं होतं, कारण 0.1 ची बेरीज करत गेलं की डबलमध्ये आकड्याला शेपूट फुटतं आणि स्क्रीनवर ते वाईट दिसतं. निर्णय योग्यच होता. डेसिमल या सातांमध्ये नाही म्हणून तो डिफॉल्ट शाखेत गेला, पण चेंजटाइपला स्ट्रिंगवरून डेसिमल करता येतं, त्यामुळे हा एकटाच चालत होता. प्रॉब्लेम असा की लिहिताना आणि वाचताना दोन्हीकडे फोनचं चालू कल्चर, म्हणजे भाषा-देशाप्रमाणे आकडे लिहायची पद्धत, वापरलं जात होतं. जर्मन सेटिंगवर दीड लिटर "1,5" असं लिहिलं जातं. त्याच माणसाने फोन अमेरिकन इंग्लिशवर नेला की तिथे स्वल्पविराम म्हणजे हजारांचा विभाजक, आणि डॉटनेटचा पार्सर हजारांचा विभाजक नेमका कुठे पडलाय हे बघत बसत नाही, तो सरळ काढून टाकतो, उरतं 15. एक्सेप्शन नाही, डिफॉल्ट नाही, धडधडीत चुकीचा आकडा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हा सर्वात गंभीर भाग आहे. सेटिंग हरवली तर माणूस ती परत लावतो आणि तक्रार करतो, पण बदललेल्या आकड्यावर अॅप पुढची सगळी गणितं करत बसतं.

चौथा म्हणजे इंट पण नल, म्हणजे काहीच व्हॅल्यू नसणं, चालणारा. रात्री किती वाजेपर्यंत आठवण द्यायची तो तास, आणि नल म्हणजे रात्रीच्या आठवणी बंद, डिफॉल्ट 22. इथे सी शार्पची एक खासियत आड आली. नल चालणारा इंट बॉक्स केला, म्हणजे काहीही मावणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळला, की आत व्हॅल्यू असेल तर तो साधा इंटच होतो. म्हणून सेटमधल्या स्विचला 23 हा इंट दिसला आणि तो इंट म्हणून सेव्ह झाला. गेटमध्ये मात्र टाइपची तुलना होती, आणि टाइपऑफ टी म्हणजे नलेबल इंट, इंट नव्हे, म्हणून गेट डिफॉल्ट शाखेत गेलं आणि त्याने तीच की स्ट्रिंग म्हणून वाचायला घेतली. अँड्रॉइडवर शेअर्डप्रेफरन्सेसमध्ये (तिथला सेटिंग्जचा साठा) इंट ठेवलेला असताना स्ट्रिंग मागितली की क्लास कास्टचं एक्सेप्शन येतं. आयओएसवरचा तसाच साठा, यूजरडिफॉल्ट्स, समजूतदारपणे त्या आकड्याची स्ट्रिंग करून देतं, पण मग चेंजटाइप अडतं कारण तिला नलेबल टाइप झेपत नाही. रस्ते दोन, शेवट एकच, डिफॉल्ट 22.

आणि नल सेट केला तर? माउईमध्ये नल व्हॅल्यू सेट करणं म्हणजे ती की काढून टाकणं. की नाही म्हणजे गेट डिफॉल्ट देणार, म्हणजे परत 22. इथे नुसता नलेबल इंटचा सपोर्ट घालून भागत नाही हे लक्षात घ्या, कारण "कधी सेटच केलं नाही" आणि "मुद्दाम बंद केलं" या दोन अवस्था स्टोअरमध्ये एकच आहेत. हा टाइपचा प्रश्न वाटतो पण आहे अर्थाचा. शेवटी तिथे दोन सेटिंग्ज केल्या, एक बूल चालू-बंदचा आणि एक इंट तासाचा, आणि तेच बरोबर होतं. न चालणारा टाइप समोर आला की प्रत्येक वेळी कन्व्हर्टर लिहायचा नसतो, कधी कधी तो टाइप सांगत असतो की सेटिंगचं मॉडेलच थोडं चुकलंय.

एक पाचवी जागाही रिव्ह्यूमध्ये दिसली, तक्रार आलेली नव्हती पण येणारच होती. माउईच्या पिकरची (यादीतून निवडायच्या कंट्रोलची) सिलेक्टेडआयटम प्रॉपर्टी ऑब्जेक्ट टाइपची आहे. ती तशीच सेटला दिली की कंपायलर टी म्हणजे ऑब्जेक्ट असं स्वतःच ठरवतो, कोणी कुठे टाइप लिहिलेलाच नसतो, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यालाही ते खटकत नाही. आतली व्हॅल्यू इंट असेल तर इंट म्हणून सेव्ह होते आणि गेटकडे ऑब्जेक्ट मागितलं जातं.

टेस्ट हिरव्या का होत्या

टेस्टमध्ये खऱ्या स्टोअरच्या जागी एक नकली स्टोअर होतं, आत साधी डिक्शनरी, की स्ट्रिंग आणि व्हॅल्यू ऑब्जेक्ट. त्या डिक्शनरीत काहीही टाका, तेच आणि त्याच टाइपचं परत मिळतं. त्यात वर टेस्ट लिहिल्या होत्या त्या रॅपरला बाजूला ठेवून, म्हणजे व्ह्यूमॉडेलला नकली सर्व्हिस दिलेली, आणि खऱ्या रॅपरच्या स्विचमधून एकही टाइप कधी गेलेला नाही. नकली वस्तू खऱ्यापेक्षा जास्त उदार असली की टेस्टला काही अर्थ राहत नाही.

बदललं ते असं की नकली स्टोअर आता रॅपरच्या खाली बसतं, फक्त तेच सात टाइप घेतं, बाकी कशालाही एक्सेप्शन देतं, आणि ठेवताना ज्या टाइपने ठेवलं त्याच टाइपने मागितलं तरच देतं, नाहीतर अँड्रॉइडसारखंच अडतं. सगळ्यात कडक प्लॅटफॉर्म जो असेल त्याच्यासारखं नकली स्टोअर वागलं पाहिजे. आणि प्रत्येक टेस्ट एका ऑब्जेक्टने लिहिते आणि नव्याने बनवलेल्या दुसऱ्या ऑब्जेक्टने वाचते, मधे कल्चर जर्मनवरून इंग्लिशवर बदलून. एवढ्याने मूळ कोडवरच्या टेस्ट धडाधड लाल झाल्या, तेव्हा टीमला पहिल्यांदा पूर्ण चित्र दिसलं.

पहिला टप्पा: स्पष्ट नकार

लगेच करायचं होतं ते एवढंच की डिफॉल्ट शाखेतलं टूस्ट्रिंग काढून तिथे नॉट सपोर्टेड एक्सेप्शन फेकायचं. ऐकायला एका ओळीचं काम, पण त्यात चार-पाच गोष्टी आहेत ज्या चुकल्या तर नकारही अर्धवटच राहतो.

तपासणी व्हॅल्यूवर नको, टाइपऑफ टीवर हवी. व्हॅल्यू नल असू शकते, मग तिला टाइपच नाही, आणि बॉक्सिंगचा घोळ वर बघितलाच. तपासणी सेट आणि गेट दोन्हीकडे हवी आणि दोघांनी एकच यादी वापरायला हवी, दोन ठिकाणी दोन स्विच ठेवले की ते कधीतरी वेगळे होतातच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेटमध्ये ही तपासणी स्टोअरला हात लावायच्या आधी हवी. टीमच्या पहिल्या दुरुस्तीत आधी की आहे का बघत होते, नसेल तर डिफॉल्ट परत, मग टाइप तपासायचा. म्हणजे नवीन इन्स्टॉलवर चुकीचा टाइपसुद्धा आरामात पास होतो आणि एक्सेप्शन येतं ते वापरणाऱ्याने पहिल्यांदा काहीतरी सेव्ह केल्यानंतर, त्याच्या फोनवर. टाइप चुकीचा असेल तर तो की असो वा नसो चुकीचाच आहे.

मेसेजमध्ये कीचं नाव, टाइपचं पूर्ण नाव आणि कुठले टाइप चालतात ते लिहिलं. व्हॅल्यू मात्र लिहिली नाही. सेटिंगमध्ये काय आहे सांगता येत नाही, ईमेल असेल, टोकन असेल, आणि एक्सेप्शनचा मेसेज क्रॅश रिपोर्टमधून कुठल्या कुठे जातो.

टीममध्ये एक प्रस्ताव होता की डीबग बिल्डमध्ये एक्सेप्शन द्यायचं आणि रिलीजमध्ये फक्त लॉग करून डिफॉल्ट परत करायचा, म्हणजे वापरणाऱ्याचं अॅप पडणार नाही. भावना समजते, पण मी याच्या विरोधात होतो. रिलीजमध्ये तेच जुनं वागणं राहतं, सेटिंग हरवते आणि माणसाला कारण कळत नाही, आणि शिवाय जे बिल्ड टेस्ट केलं ते आणि जे लोकांकडे गेलं ते वेगळं वागतं. तपासणी सगळ्यात आधी होत असेल तर ती ओळ एकदा जरी चालली तरी एक्सेप्शन येणारच, मग डेटा काहीही असो, म्हणजे रिलीजच्या आधी प्रत्येक सेटिंग एकदा वाचून घेणारी एक टेस्ट पुरते.

खराब डेटासाठी मात्र नियम वेगळा ठेवला. टाइप चालणारा आहे पण आतली स्ट्रिंग वाचता येत नाही, अशा वेळी डिफॉल्ट परत करायचा आणि लॉगमध्ये कीचं नाव लिहायचं. ती प्रोग्रामरची चूक असेलच असं नाही, आणि तिथे अॅप पाडून कोणाचंच भलं होत नाही.

जेसनमध्ये टाकू का

हा प्रश्न येतोच. जे ओळखीचं नाही ते जेसन (डेटा मजकुरात लिहायची एक पद्धत) करून स्ट्रिंगमध्ये ठेवा, म्हणजे न चालणारा टाइप हा प्रकारच राहणार नाही. मला हा उपाय सरसकट मान्य नाही आणि कारणं अगदी व्यवहारातली आहेत.

आयओएसवर चालू अॅपला नवा मशीन कोड तयार करता येत नाही, कोड आधीच कंपाइल होतो, आणि बिल्ड होताना ट्रिमर न वापरलेले भाग कापून टाकतो. रिफ्लेक्शनवर, म्हणजे अॅप चालू असताना टाइपची रचना वाचून, चालणारं जेसन सीरियलायझेशन अशा ठिकाणी बेभरवशाचं होतं, डेव्हलपरच्या मशीनवर चालतं आणि रिलीज बिल्डमध्ये प्रॉपर्टीज गायब. डॉटनेट 6 पासून, म्हणजे 2021 पासून, यासाठी सोर्स जनरेटर (बिल्ड होतानाच तो कोड लिहून देणारा) आहे, पण त्याला टाइप आधी सांगावा लागतो, म्हणजे "कुठलाही टी चालेल" हे वचन तिथेही मोडतंच. दुसरं, विंडोजवर एका सेटिंगला 8 केबीची मर्यादा आहे आणि सेटिंगच्या नावाला 255 कॅरॅक्टरची. जेसनचं दार उघडं ठेवलं की कोणीतरी पूर्ण लिस्ट त्यात ठेवतो, अँड्रॉइडवर चालतं, विंडोजवर अडतं. तिसरं, क्लासमधल्या प्रॉपर्टीचं नाव बदललं की जुनं जेसन वाचताना ती प्रॉपर्टी शांतपणे रिकामी राहते, म्हणजे ज्या आजारावर इलाज करत होतो तोच परत.

म्हणून जेसन पूर्ण बंद केलं नाही, पण ते मागून घ्यावं लागतं असं ठेवलं. ज्याला हवं त्याने त्या टाइपची सोर्स जनरेटरने दिलेली माहिती सोबत देऊन तशी की बनवायची. आपोआप काही नाही.

शेवटी ठरलं ते: टाइप कीमध्येच

एक्सेप्शनने चूक लपत नाही एवढंच होतं, पण ती कळते रन करतानाच. झामरिनच्या वेळी जी गोष्ट कंपायलर अडवत होता ती परत कंपायलरकडे नेता येईल का हा खरा प्रश्न होता. सी शार्पमध्ये टीवर "इंट किंवा स्ट्रिंग किंवा बूल" अशी अट लिहिता येत नाही. स्ट्रक्टची (व्हॅल्यू टाइप असण्याची) अट घातली तर टाइमस्पॅन, गुइड सगळे आत येतात आणि स्ट्रिंग बाहेर राहते. स्विफ्टमध्ये (अॅपलची भाषा) हे सोपं आहे, आपला एक प्रोटोकॉल (सी शार्पच्या इंटरफेससारखा) करायचा, एक्स्टेन्शनने इंट, बूल, स्ट्रिंगला तो द्यायचा, आणि मेथडवर त्या प्रोटोकॉलची अट, मग बाकीचे टाइप कंपाइलच होत नाहीत. सी शार्पमध्ये आधीपासून असलेल्या टाइपला बाहेरून इंटरफेस लावता येत नाही.

पर्याय दोन उरले. एक म्हणजे परत ओव्हरलोड, प्रत्येक टाइपची वेगळी मेथड. साधं आहे, चालतं, आणि सेटिंग्ज थोड्या असतील तर मी तेच सुचवीन. पण त्यात एक भोक राहतं, सेट करताना इंट आणि गेट करताना लाँग असं कोणी केलं तर दोन्ही टाइप चालणारे आहेत म्हणून कंपायलर गप्प, आणि अँड्रॉइड परत क्लास कास्ट देणार. डिफॉल्ट म्हणून कोणी 0 ऐवजी लाँगचा 0 लिहिला की एवढं पुरतं.

म्हणून दुसरा रस्ता घेतला, सेटिंगची की ही नुसती स्ट्रिंग न ठेवता एक छोटा जेनेरिक ऑब्जेक्ट करायचा. सेटिंग-की, तिच्यात नाव, डिफॉल्ट व्हॅल्यू, आणि लिहायचं-वाचायचं कसं याची दोन फंक्शन्स. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून थेट बनवता येत नाही. बनवायची असेल तर ठरलेल्या फॅक्टरी (की बनवून देणाऱ्या) मेथड: इंटची की, बूलची की, टाइमस्पॅनची की, एनमची की, अशा. सेट आणि गेट अजूनही जेनेरिकच आहेत, पण त्या सेटिंग-की घेतात, आणि ज्या टाइपची फॅक्टरी नाही त्याची की बनवताच येत नाही, त्यामुळे त्या टाइपने सेट बोलावताही येत नाही. डिफॉल्ट शाखा उरलीच नाही. इंट लिहून लाँग वाचणंही संपलं, कारण टाइप एकाच जागी लिहिलाय. पिकरचा ऑब्जेक्ट दिला तर कंपायलर तिथेच थांबवतो, कास्ट कर म्हणतो.

अँड्रॉइडच्या डेटास्टोअरनेही (सेटिंग्ज साठवायची तिथली नवी लायब्ररी) हाच रस्ता धरला. त्याच्या सुरुवातीच्या आल्फा आवृत्त्यांमध्ये की बनवायला एकच जेनेरिक फंक्शन होतं आणि न चालणारा टाइप दिला की रन करताना एक्सेप्शन यायचं. 2021 मध्ये 1.0 स्थिर आवृत्ती आली तोपर्यंत त्याची जागा इंटची की, स्ट्रिंगची की, बूलियनची की अशा वेगवेगळ्या फंक्शन्सनी घेतली होती. कॉटलिनमध्ये (अँड्रॉइडची भाषा) रीफाइड टाइपवर (चालताना तपासता येणारा टी) व्हेन, म्हणजे तिथला स्विच, लिहून स्वतःचा रॅपर करणाऱ्यांनी हे बघावं, कारण तिथे अजून एक अडचण असते, जेव्हीएमवर (कॉटलिन जिच्यावर चालतं ती व्यवस्था) जेनेरिकचा आतला टाइप पुसला जातो, क्लास तपासला तर स्ट्रिंगचा सेट आणि इंटचा सेट दोन्ही नुसते सेट दिसतात, आणि पुट स्ट्रिंगसेटला चुकीचा सेट जातो.

एनमच्या फॅक्टरीवर सी शार्प 7.3 पासून मिळणारी एनमची अट घातली. नाव सेव्ह करायचं की नंबर यावर बरीच चर्चा झाली. नंबर ठेवला तर मधे नवीन सदस्य घातल्यावर सगळं सरकतं, नाव ठेवलं तर नाव बदलता येत नाही. जुना डेटा नावांचाच होता म्हणून नाव ठेवलं. एक बारीक गोष्ट, एनमची ट्रायपार्स (मजकुरावरून व्हॅल्यू काढणारी मेथड) "7" अशी आकड्याची स्ट्रिंगही स्वीकारते, एनममध्ये 7 नसला तरी, म्हणून पार्स झाल्यावर ती व्हॅल्यू खरंच डिफाइन केलेली आहे का हे वेगळं तपासावं लागतं.

टाइमस्पॅन आणि डेसिमल दोन्ही स्ट्रिंग म्हणून, पण इनव्हेरियंट कल्चरने (कुठल्याही देशाला न बांधलेलं, नेहमी सारखंच), लिहितानाही आणि वाचतानाही.

जुना डेटा

इथे एक चांगली गोष्ट हाती लागली. लोकांच्या सेटिंग्ज हरवल्या नव्हत्या, त्या फक्त वाचता येत नव्हत्या. "02:00:00" फोनमध्ये तसंच पडून होतं, आणि टाइमस्पॅनचं साधं टूस्ट्रिंग कल्चरवर अवलंबून नसतं, म्हणून नवीन कोडने ते सरळ वाचलं. थीमचंही तसंच. नवीन आवृत्ती आल्यावर लोकांना त्यांनीच आधी निवडलेलं अंतर आणि थीम परत मिळाली.

यासाठी एक मोह टाळावा लागला. टाइमस्पॅन टिक्समध्ये (वेळेचं अगदी बारीक एकक), लाँग म्हणून ठेवणं जास्त नीट वाटत होतं. पण त्याच कीखाली आधीची स्ट्रिंग आहे, तिथे लाँग मागितला की अँड्रॉइडवर परत क्लास कास्ट. सेव्ह करायचा प्रकार बदलायचाच असेल तर कीचं नाव बदला, जुनी की एकदा वाचून नवीनमध्ये लिहा आणि मग जुनी काढा. इथे गरज नव्हती, म्हणून स्ट्रिंगच ठेवली.

जाता जाता, माउई आतमध्येही असे बदल करतं, अँड्रॉइडवर डबल ठेवायची सोयच नाही म्हणून तो स्ट्रिंग करून ठेवतं, आणि आयओएसवर लाँगचं तेच करतं. सगळं माउईमधूनच वाचत असाल तर काही फरक पडत नाही. पण या अॅपचं अँड्रॉइड होमस्क्रीन विजेट कॉटलिनमध्ये होतं आणि तीच फाइल वाचायचं, तिथे डबल म्हणून ठेवलेली आवाजाची पातळी फ्लोट म्हणून मागितली असती तर अडलं असतं. विजेटसाठीच्या सेटिंग्ज म्हणून फक्त इंट, बूल आणि स्ट्रिंगमध्ये ठेवल्या.

डेसिमलचं काम नाजूक होतं. जुन्या स्ट्रिंगमध्ये "1,5" आहे, ते कुठल्या कल्चरमध्ये लिहिलं हे नोंदलेलं नाही. पण फॉरमॅट न देता केलेलं डेसिमलचं टूस्ट्रिंग हजारांचे विभाजक कधीच घालत नाही, त्यामुळे तिथे स्वल्पविराम दिसला तर तो दशांश चिन्हच असणार, दुसरं काही असूच शकत नाही. म्हणून जुनी व्हॅल्यू वाचताना दशांश चिन्हाच्या जागी जे काही असेल, स्वल्पविराम किंवा अरबी दशांश चिन्ह, त्याचं टिंब करायचं आणि मग इनव्हेरियंटने पार्स करायचं, आणि लगेच नवीन पद्धतीने लिहून टाकायचं. यात ज्याने फोन इंग्लिशवर नेला होता पण लक्ष्याला हात लावला नव्हता त्याचं 15 परत 1.5 झालं.

ज्यांच्याकडे चुकीच्या वाचनानंतर सेटिंग्जचा स्क्रीन परत सेव्ह झाला होता त्यांच्याकडे मात्र खरोखर "15" लिहिलं गेलं होतं, आणि त्यावरून मूळ आकडा खात्रीने काढता येत नाही. दहाने भागून टाका असं कोणीतरी सुचवलं, ते केलं नाही, लोकांच्या सेटिंगमध्ये अंदाजाने आकडे भरू नयेत असं मला ठामपणे वाटतं. त्याऐवजी लक्ष्याच्या कीला वाजवी मर्यादा दिली, स्क्रीनवरच्या स्लायडरला होती तीच, आणि वाचलेला आकडा त्याबाहेर असेल तर तो खराब डेटा समजायचा: लॉगमध्ये नोंद, डिफॉल्ट लक्ष्य, आणि अॅप उघडल्यावर एकदाच एक छोटा निरोप की रोजचं लक्ष्य तपासून परत लावा, खाली थेट त्या सेटिंगवर नेणारं बटण.